सा कोणाचा? गायक आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या भागीदारीची गोष्ट

देवनहळ्ळीहून बोलतोय. बोलता बोलता मी मध्येच गप्प झालो तर समजून घ्या, वरून विमान चाललंय. २००८ साली बेंगळुरूचा विमानतळ आमच्या दाराशी आला, तेव्हापासून ह्या गावात सलग पाच मिनिटं शांतता मिळणं अवघड झालंय. पुस्तकातून वाचणाऱ्यांना तेवढा त्रास नाही.

एरवी मी तुमच्याशी किल्ले, लढाया आणि तह ह्यांवर बोलतो. टिपूचा जन्म ह्याच गावातला, त्यामुळे विषयांना तोटा नाही. आज मात्र तोफा नाहीत, गाणं आहे. कारण घरगुती आहे. माझी लेक दिवसा सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि पहाटे किराणा घराण्याचा रियाझ करते. गेल्या महिन्यात चहा पिताना ती म्हणाली, "बाबा, पुन्हा एका प्रोड्यूसरने विचारलंय. गाऊ का?"

प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा चित्रपट निर्माता नव्हे. लॅपटॉप, की-बोर्ड आणि यंत्रातले आवाज घेऊन गाणं बांधणारा माणूस. तिच्या वाक्यातला 'पुन्हा' हा शब्द मला टोचला. त्याचं कारण पुढे सांगतो. मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. आम्हा इतिहासाच्या नादी लागलेल्या माणसांची ही खोड आहे, कुणी साधा प्रश्न विचारला की आम्ही शंभर वर्षं मागे जातो. पण ह्या वेळी तिथे खरंच काहीतरी सापडलं, आणि तेही माझ्याच सांगलीत.

मी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातून फिजिक्स घेऊन पदवीधर झालो आणि लष्करात सिग्नल्समध्ये गेलो. आयुष्य लहरी, कंपनं आणि खरखर ह्यांत गेलं. गाण्यातलं मला कळतं ते बायकोमुळे आणि लेकीमुळे. त्यामुळे कृष्णाजी बल्लाळ देवल हे नाव वाचलं तेव्हा जरा जवळचं वाटलं. देवल हे सांगलीचे, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. निवृत्तीनंतर माणसाने काय करावं? ह्या गृहस्थांनी श्रुती मोजायला घेतल्या.

आपल्या शास्त्रांत बावीस श्रुती सांगितल्या आहेत. त्या नेमक्या कुठे आहेत, हे देवलांना आकड्यांत हवं होतं. त्यासाठी नुसती तार आणि मोजपट्टी पुरत नाही, खात्रीचा गळा लागतो. तो गळा शेजारीच होता. उस्ताद अब्दुल करीम खाँ. मिरज हे त्यांचं गाव झालेलं, पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. १९१० साली देवलांचं श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक आलं. साताऱ्यात न्यायाधीश असलेले क्लेमेंट्स नावाचे आय.सी.एस. अधिकारीही ह्या कामात सामील झाले, त्यांचं पुस्तक १९१३ साली निघालं. खाँसाहेब गात, हे मोजत. ह्या मोजमापावरून लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून एक खास हार्मोनियम बनवून घेतली गेली, बावीस श्रुती वाजवू शकणारी. श्रुती हार्मोनियम म्हणून ती ओळखली गेली.

वीज नव्हती एवढंच. बाकी तिथे सगळं आलं. एक गायक, एक यंत्रवाला, आणि दोघांच्या मध्ये सूर. शास्त्रीय गायक आणि ध्वनियंत्र करणारा माणूस शेजारी शेजारी बसल्याची माझ्या माहितीतली ही सर्वांत जुनी मराठी मुलखातली बैठक आहे. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे श्रुतींवरून वाद झाला आणि ही हार्मोनियम काही मान्य झाली नाही. आज ती संग्रहालयातली गोष्ट आहे.

पण दोन गोष्टी मी वहीत टिपून ठेवल्या. पहिली, यंत्र गळ्याप्रमाणे बनवलं गेलं, गळा यंत्राप्रमाणे वाकवला गेला नाही. दुसरी, पुस्तकं देवलांच्या आणि क्लेमेंट्सच्या नावावर आहेत, आणि ज्या गळ्यावर सारा डोलारा उभा होता तो गळा खाँसाहेबांचा. सा कोणाचा आणि नाव कोणाचं, हे दोन प्रश्न तेव्हापासून ह्या धंद्याच्या मागे लागलेले आहेत.

ह्या सा-च्या भांडणापायीच १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती पुढे तीसेक वर्षं टिकली. आक्षेप असा की हार्मोनियमच्या पट्ट्या पाश्चात्त्य पद्धतीने समान अंतरावर लावलेल्या असतात आणि आपले सूर तसे नसतात. आक्षेप खोटा नाही. गणित सोपं आहे, थोडा वेळ द्या. भातखंड्यांप्रमाणे सा २४० कंपनांचा धरू. तंबोरा नीट लागला, जवारी उघडी असली की खर्जाच्या तारेतून आपोआप एक गंधार ऐकू येतो. तो सा-च्या सव्वापट, म्हणजे आपल्या सप्तकात ३००. आणि पेटीचा किंवा की-बोर्डचा गंधार येतो ३०२.४. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला दोन-अडीच वेळा आवाज हेलकावतो. वायरलेस सेटवर दोन लहरी एकमेकींच्या अगदी जवळ आल्या की जी घूं-घूं येते, तीच ही. गायकाला ती बोचते. बाकीच्यांना नुसतंच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. हा ३००चा आणि ३०२.४चा झगडा लक्षात ठेवा, शेवटी तो आमच्या घरात येणार आहे.

विजेवर चालणारं वाद्य आपल्याकडे घराघरांत पोहोचलं ते १९५४च्या 'नागिन' चित्रपटातून. संगीत हेमंतकुमारांचं, आवाज लताबाईंचा, आणि पुंगीचा तो सूर पुंगीचा नव्हताच. क्लेव्हायोलिन नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तो कल्याणजींनी वाजवला होता. पुढे कल्याणजी-आनंदजी जोडीतले ते कल्याणजी. लोक थिएटरात खरी पुंगी समजून डोलत होते. इथे यंत्र वेश बदलून आलं होतं, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

१९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला. त्या स्टुडिओत काम करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या, पखवाज आणि गायन शिकलेल्या. ह्याच बाईंनी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. तीन-चार वर्षांत तो स्टुडिओ थंडावला आणि टेपा कपाटात पडून राहिल्या. २०२३ साली त्या अल्बम म्हणून बाहेर आल्या तेव्हा पन्नास वर्षं उलटली होती. लष्करातही मी हे पाहिलंय. साधन येतं, चालवणारे शिकतात, त्यांची बदली होते आणि साधन गोदामात जातं.

लष्कराचा विषय निघालाच आहे म्हणून एक अवांतर. तुम्ही नाचाच्या गाण्यांत यंत्रमानवासारखा आवाज ऐकता ना, त्यातला बराचसा व्होकोडर नावाच्या यंत्राचा वारसा आहे. ते अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत टेलिफोनसाठी तयार झालं आणि १९४३ साली त्यावर आधारलेली सिगसॅली ही गुप्त संभाषणाची यंत्रणा लंडन आणि वॉशिंग्टनच्या दरम्यान सुरू झाली. चर्चिल-रूझवेल्टचा आवाज शत्रूला कळू नये म्हणून केलेली युक्ती पुढे गायकांनी उचलली. आणि बेसूर गाणं सुरात आणणारा ऑटोट्यून? तो १९९७ साली बाजारात आणणारे अँडी हिल्डेब्रँड आधी जमिनीखालचं तेल शोधण्यासाठी भूकंपलहरींचं गणित करत होते. आमच्या जातीचीच माणसं ही!

आता बेंगळुरू. माझ्या मते ह्या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा बदल मुंबईत नाही, अहमदाबादेत नाही, ह्या शहरात झाला, आणि त्याचा गाजावाजा झाला नाही.

हे शहर विमानांचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं. हिंदुस्तान एरोनॉटिक्स इथलं, जळहळ्ळीचं भारत इलेक्ट्रॉनिक्स इथलं. आमचे कितीतरी वायरलेस सेट जळहळ्ळीहून यायचे. एच.ए.एल.मध्ये काम केलेले जी. राजनारायण नावाचे एक अभियंते होते, बासरीही वाजवायचे. त्यांनी १९७९च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. रॅडेल ही त्यांची कंपनी, 'सारंग' हे तंबोऱ्याचं नाव. पुढे 'तालमाला' आली, ठेका देणारी पेटी.

तंबोऱ्याचं दुखणं गायकांच्या घरात राहणाऱ्यांनाच कळतं. भोपळा नाजूक, हवेत दमटपणा आला की तारा उतरतात, रेल्वेत ठेवायला जागा नाही, आणि मागे बसून तासभर तारा छेडायला माणूस लागतो. आमच्या बदल्या दर दोन-तीन वर्षांनी. बायकोचा मिरजेहून आणलेला तंबोरा एका बदलीत लष्करी ट्रकमधून उतरवताना भोपळ्यापाशी तडकला. लाकडी पेटी मीच बनवून घेतली होती, त्यामुळे दोष कुणाला देणार? १९८८ साली रजेवर बेंगळुरूला आलो असताना आम्ही जेवणाच्या डब्याएवढी ती पेटी विकत घेतली. एक बटण सुराचं, एक गतीचं, एक आवाजाचं. बायकोच्या गुरुजींनी ती पाहिली, पाच मिनिटं ऐकली आणि एवढंच म्हणाले, "तंबोरा नव्हे. पण उद्यापासून रियाझ चुकवायला सबब उरली नाही."

गुरुजींच्या त्या एका वाक्यात मला तहाचा मसुदा दिसतो. हार्मोनियमवरून तीस वर्षं भांडणाऱ्या शास्त्रीय गायकांनी ही विजेची पेटी काही वर्षांत घरात घेतली, मग मंचावर घेतली. का? कारण तिचा सा गायक ठरवतो. बटण फिरवा, काळी चार करा, काळी पाच करा, दोन्हींच्या मधे कुठेतरी ठेवा, पेटी ऐकते. मधल्या सुरांवर ती हक्क सांगत नाही. आज ती पेटीही मागे पडून फोनमधल्या ॲपवर तंबोरा वाजतो. मिरजेच्या सतारमेकरांचं काय झालं असं विचाराल, तर त्यांची घरं अजून तंबोरे करतात आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मागे बसून तंबोरा छेडता छेडता गाणं शिकणारे शिष्य कमी झाले. ते नुकसान खरं आहे, आणि त्याची भरपाई कुठलंही बटण करत नाही.

म्हणजे माझी लेक प्रोड्यूसरकडे जाण्याच्या आधी वीस-पंचवीस वर्षं इलेक्ट्रॉनिक संगीताबरोबर गातच होती. हे तिला सांगितलं तेव्हा ती हसली. पण फरक तिनेच दाखवला. ती म्हणाली, "बाबा, पेटी माझ्या मागे बसते. प्रोड्यूसर काचेच्या पलीकडे बसतो."

बरोबर आहे. काचेच्या पलीकडचा माणूस आपल्याकडे ठळकपणे आला तो बिद्दूच्या रूपाने. हाही बेंगळुरूचाच. इथे ट्रोजन्स नावाच्या बँडमध्ये गायचा, १९६७ साली इंग्लंडला गेला, १९७४चं 'कुंग फू फायटिंग' त्याने निर्माण केलं आणि ते जगभर गाजलं. १९८०च्या 'कुर्बानी'साठी फिरोज खान यांनी त्याच्याकडून एकच गाणं करून घेतलं, 'आप जैसा कोई'. गायिका नाझिया हसन, लंडनमध्ये शिकणारी शाळकरी मुलगी. बाकीच्या गाण्यांचे संगीतकार कोण? कल्याणजी-आनंदजी. म्हणजे १९५४ साली क्लेव्हायोलिन वाजवणारा माणूस सव्वीस वर्षांनी ह्या नव्या पद्धतीच्या शेजारीच उभा होता. मुंबईच्या जुन्या रीतीत शंभर वादक आणि गायक एका वेळी, एका दालनात. लंडनच्या रीतीत प्रत्येक आवाज वेगळ्या पट्टीवर, वेगळ्या दिवशी, आणि गायक शेवटी एकटा कानाला हेडफोन लावून. १९८१ साली बिद्दू, नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब ह्यांचा 'डिस्को दीवाने' आला आणि आपल्याकडे प्रोड्यूसर-गायक ही जोडी लोकांना माहीत झाली. पुढच्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग यांनी दहा राग सिंथेसायझरवर आणि यंत्राच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड केली. ती खपली नाही. २०१० साली परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोक थक्क झाले. पण त्यात गायक नाही, म्हणून पुढे जातो.

नव्वदच्या दशकात शास्त्रीय बैठकीतले गळे ह्या बाजूला आले. जितेंद्र अभिषेकी आणि कुमार गंधर्वांकडे शिकलेल्या शुभा मुद्गल यांचं 'अली मोरे अंगना' १९९६चं, 'अब के सावन' १९९९चं. नाकं मुरडणारे तेव्हाही होते. मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी २००३ साली अंडरस्कोर रेकॉर्ड्स हे कलाकारांचं स्वतःचं प्रकाशन सुरू केलं. गाणाऱ्याने करारपत्र वाचायला शिकलं पाहिजे, हे आपल्याकडे फार कमी लोकांनी कृतीतून सांगितलं. तिकडे परदेशात तल्विन सिंगच्या 'ओके' अल्बमला १९९९ साली इंग्लंडचं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. कर्ष काळेचा 'रिअलाइझ' २००१ साली आला, आडनावावरून घर ओळखाल. तबला, लॅपटॉप आणि गळा एका मंचावर असणं तोवर सवयीचं झालं होतं.

आता नावाच्या प्रश्नाकडे वळतो. १९८१च्या 'ज्योति' चित्रपटात बप्पी लाहिरींनी बांधलेलं 'थोडा रेशम लगता है' हे गाणं लताबाईंनी गायलं. फार कुणाच्या लक्षात नव्हतं. २००२ साली ट्रूथ हर्ट्स ह्या अमेरिकन गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' गाजलं, त्यात डीजे क्विकने लताबाईंचा तोच आवाज कापून बसवला होता. लताबाई एका अमेरिकन प्रोड्यूसरबरोबर गात होत्या आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं! प्रकरण न्यायालयात गेलं. २००३च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने सांगितलं की बप्पी लाहिरींचं श्रेय छापल्याशिवाय ती सीडी विकायची नाही. श्रेय मिळालं ते संगीतकाराला. गळा कोणाचा, हा प्रश्न तिथे नव्हताच. ज्या बाईंनी १९६०च्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून भांडण मांडलं, त्यापायी रफीसाहेबांबरोबर गाणं काही वर्षं थांबवलं, त्यांच्याच वाट्याला हे आलं.

आपल्या कायद्यात गाणाऱ्याचा, वाजवणाऱ्याचा हक्क १९९४च्या दुरुस्तीने आला आणि २०१२च्या दुरुस्तीने तो पक्का झाला. गाणाऱ्याला आपलं नाव लागावं असं म्हणण्याचा हक्क आहे, आणि आपलं गाणं विद्रूप करून वापरलं तर थांबवण्याचाही आहे. २०१३ साली गायकांच्या हक्कांची संस्थाही स्थापन झाली. कायदा आहे. पण कायदा कागद मागतो.

इथे माझी कबुली येते. तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका तरुण प्रोड्यूसरने लेकीला बोलावलं होतं. मीच तिला गाडीने घेऊन गेलो. वीसेक मिनिटं तिने यमनची आलापी गायली. निघताना तिने विचारलं, काही लिहून घ्यायचं का? आणि मी, ज्याने नोकरीत एकेका वायरलेस सेटसाठी तीन-तीन प्रतींवर सह्या केल्या, मी म्हणालो, "कागद कशाला, पोरं चांगली आहेत." चार महिन्यांनी ती मैत्रिणींबरोबर एका मॉलमध्ये गेली होती. तिथल्या पडद्यावर एका गृहप्रकल्पाची जाहिरात चालू होती, आणि मागे तिचा आवाज. सा वर चढवलेला, मिंड तुकड्यातुकड्यांनी कापून पुन्हा पुन्हा लावलेली. नाव कुठेही नाही. तिने घरी आठ दिवस काही सांगितलं नाही. फक्त पहाटे पेटी वाजेना. आईने विचारलं तेव्हा म्हणाली, "मी गायला लागले की मला फ्लॅटची किंमत ऐकू येते."

वकिलांना भेटलो. दावा करता येईल म्हणाले, पण गाण्याची परवानगी तोंडी दिली होती आणि कशासाठी दिली, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आम्ही दावा केला नाही. तिचा रियाझ पुन्हा सुरू व्हायला पाच महिने लागले. त्यामुळे 'पुन्हा' ह्या शब्दाने मी का दचकलो ते लक्षात येईल.

ह्या वेळी मी तिला म्हटलं, गा. पण देवल आणि खाँसाहेबांच्या रीतीने गा. आधी सा ठरव, मग लय, मग नाव, आणि ध्वनिमुद्रणाचं बटण दाबण्याआधी हे तिन्ही कागदावर येऊ दे. मुलगा यलहंकाचा, कन्नड, तिच्याहून लहान. आमच्याच घरी आला, माइक आणि लॅपटॉप घेऊन. एक पानाचा कागद आम्ही जेवणाच्या टेबलावर केला. गायलं कोणी, बंदिश कोणत्या गुरूंकडून मिळाली, हा आवाज ह्या एकाच ट्रॅकसाठी, जाहिरातीसाठी पुन्हा विचारायचं, नाव प्रत्येक ठिकाणी लावायचं, पैसे आले तर कसे वाटायचे. शेवटची ओळ लेकीने स्वतः घातली, की हा आवाज कुठल्याही कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवायला द्यायचा नाही. मला ती जरा जास्त वाटली होती. पण अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्याविरुद्ध २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने मनाई दिली, आणि २०२५मध्ये आशाताईंच्या बाबतीतही. म्हणजे पोरगी बरोबर होती. त्या मुलाने सही करताना कां-कूं केलं नाही. उलट म्हणाला, अंकल, मलाही कुणी असा कागद देत नाही. त्याचंही काम लोक उचलतात, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

लयीवर पहिली अडचण आली. त्याचा ठेका मिनिटाला एकशे वीसचा, घड्याळासारखा. तिची विलंबित बंदिश श्वासाबरोबर पुढेमागे होते. कानात टिकटिक ऐकून ती गायला लागली की गाणं कवायतीसारखं व्हायचं. मी म्हटलं, लष्करी ताफा सर्वांत सावकाश गाडीच्या वेगाने चालतो. मग त्याने टिकटिक बंद केली, फक्त तंबोरा ठेवला, तिला मोकळं गाऊ दिलं आणि नंतर यंत्राची लय तिच्या मात्रांना बांधली. हे आजच्या सॉफ्टवेअरमध्ये जमतं. कंटाळवाणं काम आहे, म्हणून फारसे कुणी करत नाहीत.

आणि मग गंधार. त्याने तिच्या आलापीखाली सिंथेसायझरचे लांब सूर पसरले होते. ती ऐकता ऐकता थांबली, "गंधार बोचतोय." त्याने पडद्यावर पाहिलं आणि सावधपणे म्हणाला, मॅडमचा सूर जरासा उतरलाय, मी यंत्राने वर घेतो. खोलीत शांतता. मी उठून वही काढली आणि २४०, ३०० आणि ३०२.४ लिहून दाखवलं. मुलगा हुशार. त्याने तिचा आवाज तसाच ठेवला, आपल्या यंत्राचा गंधार १४ सेंट खाली आणला, म्हणजे अर्ध्या सुराचा सातवा हिस्सा. पुन्हा वाजवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "अंकल, सूर हलायचा थांबला." १९१० साली सांगलीत देवलांच्या घरी असंच कुणीतरी काहीतरी म्हणालं असेल.

लेकीने त्याला नंतर मराठीतलं एक नाचाचं गाणं ऐकवलं, क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी'. २०२४ साली ते स्पिनिन रेकॉर्ड्स ह्या डच कंपनीने काढलं. त्याला ते आधीच पाठ होतं, शब्दांचा अर्थ मात्र माहीत नव्हता. तो तिने सांगितला. मला त्या गाण्यातला ठेका आवडतो, आवाज थोडा कमी करून.

आमचा ट्रॅक अजून पुरा झालेला नाही. त्यात मागे वाजतो तो तंबोरा १९८८ची आमची पेटी आहे, बायकोच्या आग्रहावरून. परवा त्याने तिसरा खर्डा पाठवला. पाचव्या मिनिटाला, तार षड्जाच्या अलीकडे, मागे विमान ऐकू येतं. काढू का, म्हणून विचारतोय. लेक म्हणते राहू दे, देवनहळ्ळीत गायलंय ना. मी म्हणतो काढ. बायको दोन्हीकडे मान हलवते. कागदावर त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.